टाका घालावा की टाकून द्यावे?

मराठी भाषेत ‘टाका’ हा एक मौजेचा शब्द आहे. नाम म्हणून वापरला, तर त्याचा अर्थ सुईदोऱ्याने घातलेली शिवण. क्रियापद म्हणून वापरला, तर त्याचा अर्थ ‘फेकून द्या’. अक्षरे तीच, उच्चारही तोच; पण एक अर्थ तुटलेले जोडणारा आणि दुसरा जोडलेले तोडणारा. एखादी वस्तू झिजली, उसवली, फाटली म्हणजे माणसापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. तिला टाका घालावा, की ती टाकून द्यावी? मागच्या पिढ्यांनी या प्रश्नाचे उत्तर बहुधा पहिल्या अर्थाने दिले. आजचा बाजार ते दुसऱ्या अर्थाने द्यायला शिकवतो. यांतले कोणते उत्तर शहाणपणाचे, हे ठरवण्यासाठी मोठमोठे सिद्धान्त मांडण्याची गरज नाही. नावेतील बसायची एक फाटकी गादी त्यासाठी पुरेशी आहे.

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये कुंभकोणम हे शहर वसले आहे. देवळांचे आणि तळ्यांचे हे गाव. येथील महामहम् तलाव सुमारे सहा एकरांचा असून दर बारा वर्षांनी तेथे स्नानासाठी लाखो लोक जमतात. हा सोहळा २०१६ मध्ये झाला. पुढचा २०२८ मध्ये यावयाचा आहे. कावेरीचे पाणी मात्र बारमाही नाही. मेट्टूर येथील धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले आणि तेथून शेतीसाठी पाणी सोडण्याचा रूढ दिवस १२ जून हा ठरला. तोपर्यंत उन्हाळ्यात नदीच्या पात्रात वाळूच अधिक दिसते. अर्थात कुंभकोणम हे काही नौकांचे बंदर नव्हे. तथापि, देवळांच्या तळ्यांतून उत्सवमूर्तींना तराफ्यावर बसवून फिरवण्याचा तेप्पम उत्सव ही तमिळ प्रदेशाची जुनी परंपरा आहे. शिवाय कावेरीची कोळ्ळिडम ही शाखा समुद्राला मिळते त्या बाजूला, चिदंबरमजवळ पिचावरम येथे, तिवरांच्या जंगलातून प्रवाशांना नावेने फिरवून आणले जाते. नाव पाण्यावर असते. पण तिची गादी शिवणारा माणूस कोणत्या तरी गावच्या बाजारपेठेत जमिनीवर मांडी घालून बसलेला असतो. म्हणून नावेच्या गादीची कथा ही बाजारपेठेतील कारागिराची कथा ठरते.

समजा, अशाच एखाद्या खाडीत प्रवासी नेणारा एक नावाडी आहे. नाव त्याची, कष्ट त्याचे आणि कर्जही त्याचेच. पाण्याचा हंगाम तोंडावर आला आहे. नावेचा सांगाडा चांगला आहे. पण फळ्यांवरच्या गाद्या गेल्या आहेत. रेक्झिनला भेगा पडल्या आहेत, कडेची शिवण उसवली आहे, मधला भाग खोल बसला आहे आणि गादीवर बसणाऱ्याचे कपडे ओले होत आहेत. नव्या गाद्या घ्यायच्या, तर हंगामाची पहिली कमाई त्यातच जाईल. तशाच ठेवायच्या, तर गिऱ्हाईक दुसऱ्या नावेकडे वळेल. हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. ज्याचे पोट त्या नावेवर अवलंबून आहे, त्याला मात्र तो किरकोळ नाही. गरिबाच्या संसारात मोठे निर्णय बहुधा अशा लहान वस्तूंच्या निमित्तानेच घ्यावे लागतात.

निर्णय घेण्यापूर्वी गादी कशामुळे बिघडली, हे समजून घेतले पाहिजे. रोग कळल्याशिवाय औषध देऊ नये, हा नियम वस्तूंनाही लागू आहे. गादी बिघडते ती एकाच कारणाने नाही. सूर्यप्रकाशामुळे रेक्झिनमधील मऊपणा राखणारे द्रव्य हळूहळू निघून जाते आणि ते कडक होऊन तडकते. सुती दोरा ओलाव्याने कुजतो, म्हणून कापड शाबूत असतानाही शिवण सुटते. शिवणीच्या छिद्रांतून आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाट नसते. ते आतल्या फोममध्ये साठते आणि बुरशी धरते. खाडीचे पाणी असेल, तर त्यातील मीठ आतच राहते आणि हवेतील ओल ओढून घेत राहते. त्यामुळे गादी वाळली असे वाटले, तरी ती पुन्हा दमट होते. लाकडी पाटीवर ठोकलेल्या लोखंडी चुका व टाचण्या गंजतात आणि त्यांच्याभोवतीचे कापड फाटते. म्हणजे जी गादी ‘पार गेली’ असे वाटते, तिच्यात प्रत्यक्षात दोरा गेलेला असतो, किंवा खोळ गेलेली असते, किंवा आतला थर बसलेला असतो. सगळेच एकदम गेलेले असते असे क्वचितच घडते. दुरुस्तीची सारी विद्या या एका निरीक्षणावर उभी आहे.

गादीत काय भरावे, याचे ज्ञान माणसाने फार पूर्वी मिळवले. दक्षिणेत बसण्यासाठी आधी चटई आली. लव्हाळ्याच्या जातीच्या कोरै गवताच्या चटया तेथे आजही विणल्या जातात. तिरुनेलवेली जिल्ह्यातील पत्तमडै हे गाव तर अशा चटयांसाठी प्रसिद्धच आहे. काथ्या हा दुसरा मान्यवर. नारळाचे सोडण पाण्यात अनेक महिने कुजवून त्याचे तंतू काढतात. हे तंतू खाऱ्या पाण्यालाही दाद देत नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण ज्या सुंभावरून आली, तो या काथ्याचाच. आणि तिसरा मान्यवर म्हणजे सावरीचा कापूस. तमिळमध्ये त्याला ‘इलवम् पंजु’ म्हणतात. आपल्याकडील लाल फुलांच्या काटेसावरीची ही पांढऱ्या सावरीची जात. तेनी जिल्ह्यातील बोडिनायकनूर हे या कापसाचे नावाजलेले ठिकाण आहे.

या झाडावरून तमिळमध्ये एक म्हण पडली आहे. सावरीचे फळ पिकण्याची वाट पाहत एक पोपट बसून राहिला. फळ पिकले, तडकले आणि आतून गरऐवजी कापूस निघून वाऱ्यावर उडून गेला. व्यर्थ आशा धरणाऱ्याला तमिळ माणूस ‘सावरीची राखण करणारा पोपट’ म्हणतो. पण पोपटाची निराशा ती गादीवाल्याची कमाई! हा तंतू आतून पोकळ असतो आणि त्याच्यावर मेणाचा नैसर्गिक लेप असतो. त्यामुळे तो पाणी सहजासहजी शोषत नाही, उलट पाण्यावर तरंगतो. तो इतका निसरडा आणि ठिसूळ असतो की त्याचे सूत कातणे कठीण. म्हणून वस्त्रासाठी तो फारसा उपयोगी नाही. भरण्यासाठी मात्र त्याच्यासारखा तोच. बसून बसून तो दबला, तर खोळ उसवून, उन्हात घालून, काठीने मोकळा केला की पुष्कळसा पुन्हा फुलतो.

पाण्यावरच्या कामासाठी या कापसाचे महत्त्व एके काळी साऱ्या जगाला पटले होते. बोटींवरील गाद्या आणि प्राणरक्षक जाकिटे याच कापसाने भरली जात. त्याचा मोठा पुरवठा जावा बेटातून होई. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जपानने जावा बेट जिंकले आणि दोस्त राष्ट्रांना मिळणारा हा पुरवठा बंद पडला. तेव्हा अमेरिकेत एका रानटी झुडपाच्या शेंगांतील म्हातारीसारखा मऊ तंतू जाकिटांत भरण्यासाठी गोळा करण्यात आला. हे झुडूप आपल्याकडच्या रुईच्या कुळातले. १९४४ च्या सुमारास तेथील शाळकरी मुले पोती घेऊन रानोमाळ या शेंगा वेचत हिंडली. ज्या तंतूकडे कालपर्यंत तण म्हणून पाहिले जात होते, त्यावर खलाशांचे प्राण तरले. कोणतीही वस्तू टाकाऊ की टिकाऊ, हे वस्तूवर जितके अवलंबून असते तितकेच पाहणाऱ्याच्या गरजेवर आणि ज्ञानावर अवलंबून असते, हाच या घटनेचा अर्थ.

पुढे फोम आला. पॉलियुरेथेन या पदार्थाचा शोध जर्मनीत १९३७ मध्ये लागला आणि १९५० नंतरच्या काळात त्याचा मऊ फोम घराघरांत पोहोचला. तो हलका, एकसारखा आणि हव्या त्या मापात कापता येणारा. या सोयी नाकारण्याचे कारण नाही. पण तो खनिज तेलापासून बनतो, मातीत लवकर कुजत नाही आणि एकदा त्याचा भुगा होऊ लागला की तो पुन्हा फुलवता येत नाही. सावरीचा कापूस दबला तर उन्हात टाकतात. फोम उन्हात टाकला तर पिवळा पडून झिजतो. जुनी गादी दुरुस्त होण्यासाठीच जणू बनवलेली असे. नवी गादी बदलली जाण्यासाठी बनवली जाते. दोहोंतील हा फरक केवळ पदार्थाचा नाही, तर वृत्तीचाही आहे.

आता त्या नावाड्याच्या गादीकडे वळू. जाणता कारागीर ती हातात घेतो, दाबून पाहतो. दाबलेला भाग लगेच वर आला, तर आतला फोम जिवंत आहे. त्याला गोड्या पाण्यात दोन-तीनदा पिळून, मीठ आणि वास घालवून, सावलीत वाऱ्यावर वाळवले की तो पुन्हा कामाला येतो. मध्येच थोडा बसला असेल, तर तो उलटा घालतात, किंवा वरून पातळ थर लावतात. भुगाच होत असेल, तर मात्र तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही. नवा फोम घ्यायचा, तर पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा घ्यावा, किंवा पाणी झटकन बाहेर सोडणारा घ्यावा. अधलेमधले काही घेऊ नये. कापताना तो खोळीच्या मापापेक्षा किंचित मोठा ठेवतात, म्हणजे खोळ ताणून बसते आणि तिला सुरकुत्या पडत नाहीत.

खोळ फाटली असली, तरी ती लगेच फेकायची नसते. तिची शिवण उसवून प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करतात आणि तोच तुकडा नव्या कापडावर नमुना म्हणून ठेवतात. नावेच्या फळीचा बाक वेडावाकडा असतो; त्याचे माप जुन्या खोळीइतके अचूक दुसरे कोण सांगणार? पुष्कळदा वरचा पृष्ठभाग तेवढाच उन्हाने गेलेला असतो, बाजूच्या पट्ट्या आणि तळ चांगले असतात. मग नवे कापड फक्त वरच्या भागाला लागते. शिवताना सुती दोऱ्याऐवजी पॉलिएस्टरचा दोरा, लोखंडी साखळीऐवजी प्लास्टिकची साखळी आणि तळाला पाणी निथळण्यासाठी जाळीची पट्टी किंवा बारीक छिद्रे, एवढे बदल केले की दुरुस्त गादी मूळ गादीपेक्षाही टिकाऊ ठरते. उरलेले काम नावाड्याचे. नाव बांधल्यावर गाद्या फळीवर आडव्या पडू न देता कडेवर उभ्या ठेवाव्यात, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे गोड्या पाण्याने पुसून काढावेत आणि नाव उभी असताना गाद्यांवर आच्छादन घालावे. यांपैकी कशालाही पैसा लागत नाही, सवय लागते.

काटकसर म्हणजे स्वस्तातले स्वस्त घेणे, असा एक गैरसमज रूढ आहे. साधा हिशोब मांडला तर तो दूर होतो. समजा, नव्या गादीला शंभर रुपये पडतात आणि ती पाच वर्षे टिकते; म्हणजे वर्षाला वीस रुपये. चांगल्या दुरुस्तीला चाळीस रुपये पडतात आणि ती तीन वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला तेरा रुपयांच्या आसपास. येथे दुरुस्ती फायद्याची. पण तीच दुरुस्ती कच्च्या दोऱ्याने, घाईघाईने केली आणि एका वर्षात उसवली, तर वर्षाचा खर्च चाळीस रुपये झाला. नव्या गादीच्या दुप्पट! तात्पर्य, किंमत पाहताना ती किती वर्षांना वाटली जाते, हेही पाहिले पाहिजे. वाईट दुरुस्ती ही काटकसर नसून उधळपट्टीच आहे.

कुंभकोणमच्या एका सुपुत्राचे उदाहरण येथे आठवते. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण आणि शिक्षण याच गावी झाले. कागद महाग, म्हणून ते पाटीवर आकडेमोड करीत, कोपराने पाटी पुसत आणि निष्कर्ष तेवढे वहीत उतरवीत. त्यांनी काटकसर केली ती कागदाची, गणिताची नव्हे. साधनांत बचत करावी, पण कामाच्या कसात करू नये, हा धडा गादीवाल्यालाही तितकाच लागू पडतो.

दुरुस्तीविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात आणि ते अगदीच निराधार नाहीत. पहिला आक्षेप असा की, यंत्रावर हजारोंनी बनणारी गादी इतकी स्वस्त मिळते की दुरुस्तीची मजुरीच तिच्या जवळपास जाते. हे काही वेळा खरे असते. ज्या गादीत आतले आणि बाहेरचे दोन्ही गेले आहे, ती दुरुस्त करण्याचा हट्ट धरू नये. पण या स्वस्ताईच्या हिशोबात सर्व खर्च धरलेला नसतो. टाकून दिलेली गादी कोठे जाते? नदीकाठच्या उकिरड्यावर, कालव्यात किंवा खाडीत. तिचा फोम तुकड्यातुकड्यांनी पाण्यात मिसळतो. तो खर्च गिऱ्हाईक देत नाही, दुकानदारही देत नाही; नदी देते आणि नदीकाठी राहणारी माणसे देतात.

दुसरा आक्षेप असा की, प्रवाशांना नवे, चकचकीत आवडते. हेही खरे. पण प्रवाशाला प्रत्यक्षात हवी असते ती कोरडी, स्वच्छ आणि नीट शिवलेली बैठक. तिच्या पोटातील फोम नवा आहे की धुऊन वाळवलेला, हे तो विचारीत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुरुस्ती करणारी माणसेच आता कोठे आहेत? पूर्वी महाराष्ट्रात पिंजारी खांद्यावर धुनकी टाकून दारोदार हिंडत असे. तिच्या तारेचा नाद ऐकला की बायका जुन्या गाद्या-उशा ओट्यावर आणून टाकीत. तो नाद आता क्वचितच ऐकू येतो. कल्हईवाला गेला, छत्री दुरुस्त करणारा विरळ झाला, चपला सांधणाऱ्याची जागा आक्रसत गेली. कारागीर मिळत नाही म्हणून लोक वस्तू टाकतात आणि लोक वस्तू टाकतात म्हणून कारागीर धंदा सोडतो. हे दुष्टचक्र आहे. ते कोठून तरी तोडायचे, तर गिऱ्हाईकानेच सुरुवात केली पाहिजे. कारण कारागिराला उपाशी राहून वाट पाहणे परवडत नाही.

येथे पैशाच्या वाटेचाही विचार करावा. दूरच्या कारखान्यातून आलेली नवी गादी घेतली, तर तिच्या किमतीचा मोठा भाग कारखाना, वाहतूक आणि मधले व्यापारी यांच्याकडे जातो. तीच गादी गावात दुरुस्त केली, तर खर्चातील मोठा वाटा मजुरीचा असतो आणि ती मजुरी गावातच राहते. गादीवाला त्यातून वाण्याचे बिल देतो, मुलाची फी भरतो. शिवाय प्रत्येक दुरुस्तीबरोबर एक कौशल्य जिवंत राहते. कोणता दोरा कोठे चालेल, कोणत्या कापडाला कोणती सुई लागेल, दाभण कोठे घालावे आणि यंत्राची टीप कोठे मारावी, हे ज्ञान पुस्तकात फारसे लिहिलेले नाही. ते हातात असते. हात थांबले की तेही संपते. अक्षरज्ञान नसलेल्या कारागिराला अडाणी म्हणण्याची समाजाला सवय आहे. पण जो माणूस फोम दाबून त्याचे उरलेले आयुष्य सांगतो, तो अडाणी कसा?

तरीही दुरुस्तीच्या तत्त्वाला एक मर्यादा आहे आणि ती ठामपणे सांगितली पाहिजे. गादी दुरुस्त करावी. प्राणरक्षक जाकीट मात्र ठिगळ लावून वापरू नये. त्याचा पट्टा तुटला, आतला तरंगणारा थर दबला किंवा फाटला, तर ते बदललेच पाहिजे. गादी फाटकी निघाली तर कपडे भिजतील. जाकीट फाटके निघाले तर जीव जाईल. केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी मर्यादेपेक्षा अधिक प्रवासी घेतलेली नाव उलटून २२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कितीतरी मुले होती. मासेमारीच्या नावेत फेरफार करून ती प्रवासी नाव म्हणून चालवली जात होती. जुन्या वस्तूचा नवा उपयोग करणे ही एरवी स्तुत्य गोष्ट. परंतु जेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न येतो, तेथे तपासणी आणि नियम यांना पर्याय नाही. गाद्यांवर वाचवलेला पैसा नव्या जाकिटांसाठी खर्च करणारा नावाडी हाच खरा काटकसरी. कोठे वाचवावे आणि कोठे वाचवू नये, हे ओळखणे म्हणजेच विवेक.

दुरुस्ती सोपी होणे हे वस्तू कशी घडवली यावरही अवलंबून असते. केरळच्या पाण्यावरील ‘केट्टुवळ्ळम’ या जुन्या नावेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या नावाचा अर्थच ‘बांधलेली नाव’ असा. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत. काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असत. दोरी झिजली की ती उसवायची आणि नाव पुन्हा शिवायची. तिथे गादीच नव्हे, तर सबंध नावच टाक्यांवर तरलेली होती! घडवणाऱ्याने दुरुस्तीची वाट आधीच मोकळी ठेवली होती. आज अनेक वस्तू याच्या उलट घडवल्या जातात. त्यांची पेटी उघडत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, माहिती दिली जात नाही. म्हणूनच जगभर आता ‘दुरुस्तीचा हक्क’ मागितला जात आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचा त्यात विचार केलेला आहे. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये यासंबंधी कायदा संमत केला. नावेच्या गादीला अशा कायद्याची गरज नाही. तिची शिवण कोणालाही उसवता येते. कमतरता आहे ती इच्छेची.

कुंभकोणमच्या परिसराला ही वृत्ती परकी नाही. जवळच्या स्वामिमलै येथे मेणाचा साचा करून धातूच्या मूर्ती ओततात. नाच्चियारकोविल येथे पितळी समया घडतात. या कामात वाया गेलेला धातूचा कण पुन्हा मुशीत जातो. महाराष्ट्रातही जुने तांब्या-पितळेचे भांडे मोडीत घालून नवे घेण्याची रीत आहे आणि जीर्ण लुगड्यांची गोधडी शिवण्याची कला तर घरोघरची. गोधडीत एकही कापड नवे नसते, पण गोधडी नवी असते.

आणि कुंभकोणममध्ये मराठी माणसाने पाहावी अशी आणखी एक गोधडी आहे. ती कापडाची नाही, भाषेची आहे. व्यंकोजीराजे भोसले यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची सत्ता हाती घेतली. त्यांच्या घराण्याचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात दक्षिणेत गेलेली अनेक मराठी कुटुंबे तंजावर आणि कुंभकोणम भागांत स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण म्हणून नावाजलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथेच झाला. या कुटुंबांनी घरात मराठी जपली. बाहेर तमिळ, घरात मराठी, अशी ती पिढ्यानपिढ्या चालत आली. तिच्यात तमिळ शब्दांचे तुकडे जोडले गेले, काही जुने मराठी शब्द तसेच राहिले, उच्चार बदलले. शुद्धतेचा अतिरेकी आग्रह धरणारा एखादा म्हणेल, ही भाषा ठिगळांची झाली. पण ठिगळ लावले म्हणूनच ती अंगावर राहिली. टाकून दिली असती, तर तिची आठवणही उरली नसती.

तेव्हा हंगामाच्या तोंडावर उभ्या असलेल्या त्या नावाड्याला काय सांगावे? गादी उसव, पाहा आणि मग ठरव, एवढेच. जे गेले असेल ते बदलावे, जे उरले असेल ते राखावे आणि कारागिराच्या मजुरीत घासाघीस करू नये. कारण गादीची दोन वर्षे त्या मजुरीत शिवलेली आहेत.

शिंपी कापड बेतताना शिवणीच्या आत थोडे अधिक कापड सोडतो. पुढे वस्त्र सैल करावे लागले, दुरुस्त करावे लागले, तर ते उपयोगी पडते. या सोडलेल्या कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात. ज्याने कोणी हा शब्द प्रथम वापरला, त्याला वस्तूंशी कसे वागावे हे नीट कळले होते. शिवणीत माया असेल, तर फाटलेले पुन्हा जोडता येते. ती नसेल, तर पहिल्याच ताणाला सारे उसवते आणि मग ‘टाका’ या शब्दाचा दुसरा अर्थच तेवढा हाती उरतो.